फुलीवर हक्क कुणाचा?

डेस्कटॉप ॲप्लिकेशनवर आता कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आजूबाजूला सगळं क्लाउड, ॲप आणि आता एआय... आणि हा बाबा शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलाय, फॉर्म कसा उघडावा आणि कसा बंद करावा यावर लिहायला. पण जरा आठवून बघा. केमिस्टच्या काउंटरवर, पतसंस्थेत, खताच्या दुकानात, लाकडाच्या वखारीत जो प्रोग्रॅम चालू असतो तो अजूनही पुष्कळदा तसाच असतो. करडी खिडकी, वर निळी पट्टी, उजव्या कोपऱ्यात फुली. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ साली. त्याच्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये संपवला. तरी त्यात लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वर आजही चालतात, कारण त्याचा रनटाइम विंडोजबरोबर अजून येतो. म्हणजे भाषा गेली, पण तिच्यात लिहिलेले फॉर्म रोज सकाळी दहाला उघडतात आणि संध्याकाळी सहाला बंद होतात.

माझा मुद्दा त्या बंद होण्याबद्दल आहे. फॉर्म उघडायचा की नाही हे प्रोग्रामर ठरवतो. तो बंद केव्हा होणार हे त्याने ठरवायचं नसतं. हे मान्य नसल्यामुळे आपल्याकडचे निम्मे बिझनेस प्रोग्रॅम वापरणाऱ्याशी दारावरच्या वॉचमनसारखे वागतात. (निम्मे हा आकडा माझा, रागातला.)

आधी उघडण्याचं उरकून घेऊ, तिथे फारसं भांडण नाही. डॉट नेटच्या विनफॉर्म्समध्ये फॉर्म दाखवायचे दोन रस्ते आहेत, शो आणि शोडायलॉग. शो केलं की नवा फॉर्म येतो आणि मागचाही जिवंत राहतो, दोघांत ये-जा करता येते. शोडायलॉग केलं की मागचं सगळं गोठतं, आधी मला निस्तरा मग बाकीचं. याला मोडल म्हणतात. शो वापरला तर एक काळजी घ्यावी लागते, कारण माणसाने घाईत बटण तीनदा दाबलं तर एकाच सभासदाचे तीन फॉर्म उघडतात, तिन्हीत वेगवेगळे आकडे टाकता येतात आणि शेवटी सेव्ह होणारा जिंकतो. आधीच उघडा असेल तर तोच पुढे आणायचा, एवढंच करायचं असतं. पण ही काळजी घेण्यापेक्षा शोडायलॉग लिहिणं सोपं. एक शब्द बदलला की कटकट मिटली! प्रोग्रामरची मिटली, हे लक्षात घ्या.

आता बंद करणं. इथे खरी गंमत आहे.

शोने उघडलेला फॉर्म बंद केला की तो नष्ट होतो. त्याच व्हेरिएबलला पुन्हा शो म्हणालात तर 'डिस्पोज केलेली वस्तू वापरता येणार नाही' अशी एरर तोंडावर येते. शोडायलॉगने उघडलेला मात्र बंद केला तरी नुसता लपतो, मेमरीतून जात नाही, कारण आत काय भरलं होतं ते तुम्हाला वाचायचं असणार असं गृहीत धरलेलं आहे. वाचून झालं की डिस्पोज तुम्हीच करायचा. म्हणजे एकच फुली, पण उघडताना कुठला रस्ता घेतला त्यावर तिचा अर्थ बदलतो. हे माहीत नसलेला माणूस मग एरर टाळण्यासाठी क्लोजऐवजी सगळीकडे हाइड लिहायला लागतो. फॉर्म दिसेनासा होतो, पण असतो.

याचं सगळ्यात नेहमीचं रूप म्हणजे लॉगिन फॉर्म. प्रोग्रॅम लॉगिन फॉर्मपासून सुरू होतो, पासवर्ड बरोबर आला की लॉगिन लपवून मुख्य फॉर्म दाखवला जातो. संध्याकाळी वापरणारा मुख्य फॉर्म बंद करून घरी जातो. पण प्रोग्रॅमचा जीव लॉगिन फॉर्ममध्ये अडकलेला आहे आणि तो फॉर्म अजून जिवंत आहे, फक्त लपलेला. स्क्रीनवर काही नाही, टास्क मॅनेजरमध्ये मात्र प्रोग्रॅम ठाण मांडून बसलेला. डेटाबेस ॲक्सेसची फाइल असेल तर ती अजून वापरात आहे असंच सगळ्यांना दिसतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी डेटा कॉम्पॅक्ट करायला जातो, तर फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवली आहे म्हणून नकार. कुणी उघडली? कुणीच नाही. कालच्या फॉर्मने.

व्हीबी ६ मध्ये तर याहून भारी भुतं होती. तिथे फॉर्मच्या नावाला नुसता हात लावला की तो आपोआप लोड व्हायचा. फॉर्म नीट अनलोड केला आणि पुढच्याच ओळीत त्यातलं एखादं टेक्स्टबॉक्स रिकामं करायला गेलात, की तो फॉर्म पुन्हा जन्माला यायचा, अदृश्य अवस्थेत. मग प्रोग्रॅम काही केल्या संपत नाही. यावर त्या काळातला गावठी उपाय म्हणजे एंड. एकच शब्द, सगळं खल्लास. क्वेरीअनलोड नाही, अनलोड नाही, टर्मिनेट नाही, कुणालाही न विचारता प्रोग्रॅम जागच्या जागी ठार. अर्धवट काही लिहायचं राहिलं असेल तर राहिलं. भूत जात नाही म्हणून घराला काडी लावण्यातला हा प्रकार. 'एक्झिट' मेनूखाली एंड असलेले प्रोग्रॅम आजही रोज वापरले जातात, पैसे भरण्या-काढण्यासाठी वापरले जातात.

असो. हा झाला निष्काळजीपणा. मला जास्त राग येतो तो काळजीच्या नावाखाली चाललेल्या दादागिरीचा.

फॉर्म बंद होण्याआधी विंडोज तुम्हाला कळवतं. व्हीबी ६ मध्ये क्वेरीअनलोड, विनफॉर्म्समध्ये फॉर्मक्लोजिंग. त्यात कॅन्सल नावाची सोय असते, ती खरी केली की फॉर्म बंद होत नाही. शिवाय फॉर्म का बंद होतोय हेही सांगितलेलं असतं. वापरणाऱ्याने फुली दाबली, कोडमधून बंद केला, विंडोजच बंद होतंय, ज्या मोठ्या फॉर्मच्या पोटात हा आहे तो बंद होतोय, वगैरे. विनफॉर्म्समध्ये अशी सात कारणं आहेत. सात! इतकी सोय असताना बहुतेक ठिकाणी कारण न बघताच सरसकट कॅन्सल केलेलं आढळतं. 'फुलीने बंद करू नका, एक्झिट बटण वापरा' असा मेसेज तुम्ही पाहिला असेलच. काही ठिकाणी फुलीच करडी करून ठेवलेली असते. मग रात्री कुणी विंडोज बंद करायला जातो तर हा प्रोग्रॅम तिथेही आडवा. विंडोज विचारतं, हा प्रोग्रॅम बंद होऊ देत नाहीये, जबरदस्तीने बंद करू का? माणूस म्हणतो कर बाबा, मला शेवटची गाडी आहे. आणि जबरदस्ती झाली की मग कुणाचंच कॅन्सल चालत नाही.

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की भातसा नदीच्या काठी सापगाव लागतं. वर भातसा धरण, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतलं सगळ्यात मोठं. पावसाळ्यात धरण भरत आलं की दरवाजे उघडतात, आणि त्याआधी नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो. नदीपात्रात उतरू नका, गुरं-सामान वर घ्या. आता बघा, या इशाऱ्यात कॅन्सल नाही. सापगावातल्या कुणी उलट निरोप पाठवून 'आमचं काम चालू आहे, दरवाजे उघडू नका' असं म्हणायची सोय नाही. इशारा आहे तो सामान वर घ्यायला. फॉर्मक्लोजिंगकडे मी तसाच बघतो. तो सामान हलवायचा इशारा आहे, दरवाजा अडवायचा परवाना नव्हे. कॅन्सल ही सवलत आहे, आणि ती फक्त एका कारणासाठी वापरावी, माणसाने स्वतः फुली दाबली आणि हलवता न येणारं काहीतरी उरलंय तेव्हा. बाकी सहा कारणांना निमूट वाट द्यावी.

आणि काही वेळा इशाराही येत नाही. टास्क मॅनेजरमधून एंड प्रोसेस केलं की फॉर्मला काही विचारलं जात नाही. वीज गेली की नाहीच नाही. पुण्या-मुंबईत लॅपटॉपवर कोड लिहिणाऱ्याला हे लक्षात राहत नाही, कारण त्याच्या मांडीवर बॅटरी असते. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी गावातलं भारनियमन पाहिलंय त्यांना विचारा. तेव्हा गावातल्या संस्थांत कॉम्प्युटर नवे होते, यूपीएसची बॅटरी पहिल्या उन्हाळ्यातच मान टाकायची, आणि दिवे कधी जाणार याचं वेळापत्रक कागदावर एक आणि तारेवर दुसरं. मधेच वीज गेली की ॲक्सेसची फाइल बिघडायची आणि 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' हा मंत्र म्हणावा लागायचा. अशा जागी 'एक्झिट बटण वापरा' हा मेसेज म्हणजे पुरात वाहून जाणाऱ्याला रांगेने या सांगण्यासारखं.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस त्याच भागातल्या एका संस्थेच्या काउंटरमागे मी अर्धा दिवस बसलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, आणि प्रोग्रॅम कुणाचा तेही नाही, कारण असाच प्रोग्रॅम शंभर ठिकाणी आहे. मार्चअखेर म्हणजे काय असतं हे ज्याच्या घरी पीककर्ज आहे त्याला सांगायला नको. बाहेर ओटीवर माणसं, आत पंख्याखाली माणसं, हातात पासबुकं, कुणी आसनगावहून परतताना आलेलं, कुणी दिवसाची मजुरी बुडवून आलेलं. काउंटरवरच्या ताई भरण्याचा फॉर्म भरत होत्या. सभासद क्रमांक, खाते, मुद्दल किती, व्याज किती, जामीनदार, नोटांचा तपशील. पाऊण फॉर्म भरला आणि एक म्हातारे गृहस्थ खिडकीत वाकले.

"ताई, माझं किती निघतंय तेवढं बघून सांगा. तेवढे पैसे पोराला घेऊन यायला सांगतो."

साधा प्रश्न. दहा सेकंदांचं काम. पण भरण्याचा फॉर्म मोडल. तो उघडा असेपर्यंत खातेउतारा उघडत नाही. आणि तो बंद केला की भरलेलं सगळं जाणार. ताई म्हणाल्या, "बाबा, थांबा जरा, एवढं होऊ द्या." नेमकं ज्यांचा भरणा चालू होता त्यांच्या नोटांत पाचशे कमी निघाले. ते पैसे आणायला बाहेर गेले. आता फॉर्म सेव्ह होत नाही कारण बेरीज जुळत नाही, बंद करवत नाही कारण पुन्हा सगळं भरावं लागेल, आणि म्हातारे बाबा उभे. दहा मिनिटं! शेवटी ताईंनी कॅन्सल दाबलं. 'नक्की बाहेर पडायचे आहे का?' हो. 'भरलेली माहिती नष्ट होईल. पुढे जायचे का?' हो. बाबांना आकडा सांगितला. पाचशे घेऊन आलेल्या माणसासाठी फॉर्म पहिल्यापासून. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटर आल्यापासून जास्तच वेळ लागतोय." ते ताईंना उद्देशून होतं. प्रोग्रामरला उद्देशून कुणीच काही बोललं नाही, तो तिथे नव्हताच.

मी ताईंना विचारलं, वह्या होत्या तेव्हा काय करायचात? त्या हसल्या. म्हणाल्या, "पानात पट्टी ठेवायची दादा, आणि दुसरी वही उघडायची."

हे उत्तर ऐकल्यापासून मी मोडल फॉर्मबद्दल जे काही वाचलं होतं ते मला जरा जास्त कळलं. वही अर्ध्यात बंद करता येते. अर्धी नोंद अर्धी म्हणूनच दिसते, बेरजेचा रकाना रिकामा असतो, कुणीही फसत नाही. पुन्हा उघडलं की तिथून पुढे. पावतीपुस्तक, रोजकीर्द, खतावणी एकाच वेळी टेबलावर उघड्या असतात आणि त्या एकमेकींना अडवत नाहीत. वहीला फुली नाही, आणि 'नक्की बंद करू का?' असं वही विचारत नाही. आपण कागदावरून स्क्रीनवर जे आणलं त्यात रकाने आणले, शिक्के आणले, अगदी पावतीची किनारसुद्धा आणली. पानातली पट्टी आणायची राहिली.

ही तक्रार नवीन नाही, हेही सांगितलं पाहिजे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांपैकी लॅरी टेस्लर (२०२० साली वारला) आयुष्यभर मोडच्या विरोधात बोलत राहिला, त्याच्या गाडीची नंबरप्लेटसुद्धा 'नोमोड्स' होती. ज्याला व्हिज्युअल बेसिकचा जनक म्हणतात त्या ॲलन कूपरने १९९५ साली 'अबाउट फेस' हे पुस्तक लिहिलं आणि त्यात असल्या 'नक्की का?' खिडक्यांना झोडपलं. सतत विचारलं की माणूस सवयीने हो म्हणतो, आणि ज्या एका वेळी नाही म्हणायला हवं तेव्हाही हात हो म्हणून गेलेला असतो. आपल्या भाषेत, लांडगा आला रे आला. गंमत म्हणजे त्याच्याच व्हिज्युअल बेसिकमध्ये मेसेजबॉक्स हा सगळ्यात सोपा पदार्थ होता, एका ओळीत तयार. त्यामुळे आपल्याकडे जिथे विचार करायचा तिथे मेसेजबॉक्स टाकायची परंपरा रुजली.

जमतं का हे? जमतं. टॅली बघा. आपल्याकडच्या कुठल्याही अकाउंटंटची बोटं टॅलीवर डोळे मिटून चालतात. व्हाउचर भरता भरता एखादं खातंच नसेल तर ऑल्ट आणि सी दाबायचं, तिथल्या तिथे खातं उघडायचं, सेव्ह केलं की तुम्ही परत त्याच व्हाउचरमध्ये त्याच ओळीवर, नवं खातं निवडलेलं. एस्केप दाबलं की एक पायरी मागे. कुठला फॉर्म कुणावर उघडला हे डोक्यात ठेवावं लागत नाही. तरी अर्धं व्हाउचर तसंच ठेवून दुसरा रिपोर्ट बघायची अडचण होतीच, आणि २०२० च्या टॅलीप्राइममध्ये 'गो टू' आणून त्यांनी ती सोडवली. ऑल्ट-जी दाबा, हवा तो रिपोर्ट बघा, परत या, व्हाउचर जिथल्या तिथे. म्हणजे पानात पट्टी. इतक्या वर्षांनी का होईना. विंडोज ११ मधला साधा नोटपॅडसुद्धा आता सेव्ह न केलेलं लक्षात ठेवतो, फुली दाबा, उद्या उघडा, मजकूर तिथेच.

यावर माझ्या ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं असं की पैशाच्या व्यवहारात अर्धवट नोंद ठेवणं धोक्याचं. ऑडिटर काय म्हणेल? म्हणणं बरोबर आहे, पण ते व्यवहाराबद्दल आहे, फॉर्मबद्दल नाही. आपण दोन्हींची सरमिसळ केली आहे. व्यवहार एकतर पूर्ण व्हावा नाहीतर होऊच नये, त्यासाठी डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन आहे आणि ते काही मिलिसेकंदांत संपतं. फॉर्म भरणं हे माणसाचं काम आहे, ते दहा मिनिटंही चालेल, जेवणाच्या सुट्टीपलीकडेही जाईल. फॉर्मला ट्रान्झॅक्शनसारखं वागवायचं म्हणजे माणसाला दहा मिनिटं श्वास रोखून बसायला सांगायचं.

दुसरा मित्र म्हणतो, हे सगळं आता ब्राउझरमध्ये जाणार, कशाला डोकं खपवतोस? प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना जून २०२२ मध्ये मंजूर झाली, ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये, सगळ्यांना एक सामाईक प्रणाली. चांगलंच आहे. पण ब्राउझरमध्ये तर प्रोग्रामरच्या हातात आणखी कमी आहे. टॅब बंद होताना स्वतःचा मेसेज दाखवायची सोय होती, तिचा इतका गैरवापर झाला की क्रोमने २०१६ मध्ये ती काढून घेतली. आता ब्राउझर त्याचंच ठरावीक वाक्य दाखवतो. अँड्रॉइडवर तर मेमरी कमी पडली की सिस्टिम तुमचं ॲप गुपचूप मारते, निरोपाचा फोन येईलच याची खात्री नाही. प्रत्येक नव्या जागी प्रोग्रामरचा दार अडवायचा हक्क थोडा थोडा काढून घेतला गेलाय. डेस्कटॉपवर तो अजून शिल्लक आहे, म्हणून तिथेच संयम दाखवायला हवा.

मी भरण्याचा तो फॉर्म लिहिला तर असा लिहीन. मोडल नाही. एका सभासदाचा एकच फॉर्म, दुसऱ्यांदा उघडला तर तोच पुढे येईल. प्रत्येक रकान्यातून बाहेर पडताना भरलेलं एका कच्च्या टेबलात जाईल, खऱ्या नोंदींपासून वेगळ्या. फुली दाबली की काही न विचारता बंद. कारण विंडोजचं असो, वीज असो, नाहीतर कुणाच्या पायाने प्लग निघालेला असो, फार तर शेवटचा रकाना जाईल. सेव्ह दाबलं की बेरीज तपासून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पक्की नोंद आणि कच्ची गायब. फक्त पावती प्रिंटरला जात असताना, त्या काही सेकंदांपुरता, मी कॅन्सल वापरीन, आणि तेही माणसाने फुली दाबली असेल तरच. संध्याकाळी दिवस बंद करताना उरलेल्या कच्च्या नोंदींची यादी समोर येईल: कुणाची, किती वाजता सुरू केली, काय राहिलंय. पाचशे रुपये आणायला गेलेला माणूस त्या यादीत दिसेल. तो परत आलाच नाही, तर त्याला फोन करायचा की नोंद टाकून द्यायची, ते ताई ठरवतील.